रिकीब मोजल्याशिवाय बूट घेऊ नका: बेळगाव पट्ट्यातल्या स्वारांसाठी पायाच्या साधनांचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात घोडा अजून अनेक कामांना लागतो. लग्नाच्या वराती, घोडागाडीच्या शर्यती, गावोगावच्या जत्रा, पालखी सोहळे, शिवाय हौसेने घोडेस्वारी शिकणारी मुलं. आषाढी वारीत माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्वसुद्धा चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. तिथून ते आळंदीपर्यंत पायी जातात. घोड्याशी एवढं नातं असलेल्या भागात स्वाराच्या पायात बहुतेक वेळा चप्पल, झिजलेले स्पोर्ट्स शूज किंवा काहीच नसतं. म्हणून इथे मिळणारे किंवा मागवता येणारे बूट, रिकिबी (खोगिराला लोंबणाऱ्या, पाय ठेवायच्या कड्या) आणि घोट्याचे पट्टे यांचं हे परीक्षण. दुखापत झालीच तर काय करायचं, कुठे जायचं, तेही सोबत दिलं आहे.

आमचं मुख्य मत आधीच सांगतो. बूट आणि रिकीब वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दुकानांतून, एकमेकांशी न मोजता घेतले, तर दोन्ही चांगल्या प्रतीचे असूनही पाय धोक्यात राहतो. घोटा वाचतो तो या दोघांमधल्या फटीमुळे. ती फट किती असावी, हे खाली मापासकट येईलच.

पायाला इजा नेमकी कशी होते?

सगळ्यात भीतीदायक प्रकार म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणं. स्वार पडतो, पाय घोट्यापाशी अडकतो आणि घोडा फरफटत नेतो. यात घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडू शकतात, पायाच्या मधल्या भागातले सांधे उखडू शकतात. या मधल्या सांध्यांच्या रांगेला वैद्यकात लिसफ्रांक सांधा म्हणतात. जाक लिसफ्रांक हा नेपोलियनच्या काळातला फ्रेंच सर्जन. घोडेस्वार पडला आणि पाऊल रिकिबीतच पिळलं गेलं, की होणारी ही दुखापत त्याच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार मात्र साधा असतो: उतरताना पाय मुरगळणं. एक पाय रिकिबीत ठेवून दुसरा खाली टेकवायची सवय असते, घोडा त्याच क्षणी पाऊल पुढे टाकतो आणि सगळं वजन वाकड्या पडलेल्या पावलावर येतं. पाऊल आतल्या बाजूला वळतं, बाहेरच्या घोट्याखालचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. इथली जमीनही यात भर घालते. खानापूरकडे जांभ्याचे सुटे दगड, चिकोडी-अथणीकडे उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा, शहरात डांबरी रस्त्याची कड. त्यामुळे उतरण्याची रीत बदला. आधी दोन्ही पाय रिकिबीतून मोकळे करा, मग पुढे झुकून पोटावर घसरत, गुडघे किंचित वाकवून दोन्ही पावलांवर एकदम उतरा. हे शिकायला एक दुपार पुरते.

तिसरा प्रकार घोड्याने पायावर पाय देण्याचा. हा स्वारापेक्षा मोतद्दाराच्या, लगाम धरून चालणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतो. उभ्या घोड्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या दोन पायांवर असतं. म्हणजे 400 किलोच्या घोड्याच्या एका पुढच्या खुरावर 120 किलोच्या आसपास भार येतो, आणि नाल ठोकलेली असेल तर तो नालेच्या पातळ कडेवर एकवटतो. पाय सापडला तर ओढू नका. ओढल्याने कातडी सोलली जाते आणि बोटं पिळतात. घोड्याच्या त्याच बाजूच्या खांद्याला आपल्या अंगाने रेटा, म्हणजे तो भार दुसऱ्या पायावर घेतो आणि खूर उचलतो.

चौथा प्रकार हळूहळू होणारा: रिकीब आखूड बांधल्याने घोट्याच्या पुढच्या बाजूची दुखण, टाच सतत जोर लावून खाली दाबल्याने टाचेमागच्या शिरेची सूज, रिकिबीच्या अरुंद पायरीमुळे, म्हणजे पाऊल टेकतं त्या भागामुळे, चवड्याला येणाऱ्या मुंग्या. याला औषध लागत नाही, माप लागतं.

बूट

चप्पल, मग ती अस्सल कोल्हापुरी का असेना, रिकिबीत चालत नाही. या भागाला कोल्हापुरीचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. तिच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हे आहेत. पण चपलेला टाचेमागे आधार नसतो, ती रिकिबीच्या पायरीवर आडवी फिरते आणि पाऊल पुढे सरकलं की अडवायला काहीच नसतं. चालायला उत्तम, बसायला धोक्याची.

स्पोर्ट्स शूज घालून बसणारे सगळ्यात जास्त, आणि आमच्या मते फसवणूकही इथेच सगळ्यात मोठी आहे, कारण बूट घातल्याचं समाधान मिळतं. त्याचा तळ पुढून-मागून सपाट असतो, वेगळी टाच नसते, त्यामुळे पाय आरपार जायला अडथळा नाही. तळाच्या रबरी खाचा पायरीला चिकटतात, म्हणजे पडताना पाय सुटायला हवा तेव्हा सुटत नाही. तळाची कड बाहेर पसरलेली असते, ती रिकिबीच्या दांड्यात घट्ट बसते. वर नाडीचा फासा. आरपार जाणं आणि न सुटणं, दोन्ही दोष एकाच बुटात.

गमबूट तबेला धुवायला, पावसाळ्यात जांबोटी-खानापूरच्या चिखलात घोडा फिरवायला चांगले. टाच असते, पाणी आत येत नाही. पण घोट्यापाशी ते इतके सैल असतात की पाय आत फिरतो आणि बूट जागच्या जागी राहतो. बसण्यासाठी घेऊ नका.

लष्करी धाटणीचे उंच, नाडीचे बूट बेळगावात सहज मिळतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे असल्यामुळे कॅम्प भागात अशा मालाची सवय जुनी आहे. चामडं जाड, टाच स्पष्ट, घोट्याला आधार पक्का. दोष दोन. एक, तळाच्या खोल खाचा. त्या कारागिराकडून घासून सपाट करून घेता येतात, किंवा वर चामड्याचा गुळगुळीत तळ शिवून घेता येतो. दोन, पुढचा भाग रुंद असतो, म्हणून साध्या रिकिबीत तो अडकतो. हा बूट घेतला तर रिकीबही मोठी घ्यावी लागते, हे विसरू नका. नाड्या बांधून उरलेली टोकं बुटाच्या आत खोचा.

पोलादी टोपीचा सेफ्टी बूट स्वारापेक्षा मोतद्दाराचा. आयएस 15298 भाग 2 असा भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या बुटाची टोपी 200 ज्यूलचा आघात आणि 15 किलोन्यूटन दाब सोसते. 15 किलोन्यूटन म्हणजे जवळपास दीड टन वजन. उभ्या घोड्याच्या एका खुराचा भार वर दिलाच आहे, आणि दौडताना तो घोड्याच्या एकूण वजनाच्या दोन-अडीच पट झाला तरी एक टनाच्या आसपास राहतो. घोड्याने पाय दिला की पोलादी टोपी आत दुमडून बोटं कापते, असं तबेल्यात हमखास ऐकायला मिळतं. शिक्क्याचा बूट असेल तर या आकड्यांपुढे ती भीती टिकत नाही. बिनशिक्क्याच्या स्वस्त टोपीची मात्र खात्री देता येणार नाही. शिक्का जिभेवर किंवा तळावर शोधा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. टोपी बोटांपुरतीच असते, पायाचा मधला भाग उघडाच राहतो, ही तिची मर्यादा. आणि हा बूट घालून घोड्यावर बसू नका: पुढचा भाग फुगीर आणि ताठ असतो, तो रिकिबीत पाचर मारल्यासारखा बसतो.

बसण्यासाठी आमची पसंती जोधपुरी बुटाला. घोट्याच्या वरपर्यंत उंची, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक, नाडी नाही, तळ जवळजवळ गुळगुळीत, टाच दोन ते अडीच सेंटिमीटर. डेकॅथलॉनच्या फूगान्झासारख्या घोडेस्वारीच्या खास मालात तयार मिळतो, ऑनलाइन मागवता येतो. तयार बुटात एक गोष्ट तपासा: घोट्यापाशी इलॅस्टिक ढिलं तर नाही? उभं राहून टाच बुटातून वर उचलायचा प्रयत्न करा. अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त उचलली गेली तर एक नंबर लहान घ्या.

अथणी-निपाणीकडच्या चर्मकारांकडून हाच बूट मापाने शिवून घेणं शक्य आहे, आणि इथे आमचं मत ठाम आहे: रुंद पावलाच्या माणसाला तयार बुटापेक्षा हाच मार्ग चांगला. पण चपलेचा कारागीर आणि बुटाचा कारागीर वेगळा असतो. बूट शिवणाऱ्याकडेच जा आणि काम सांगताना या गोष्टी स्पष्ट बोला. तळाच्या कमानीत, टाच आणि चवड्याच्या मध्ये, पोलादी पट्टी हवी. ती नसली तर रिकिबीच्या पायरीवर उभं राहिल्यावर तळ वाकतो आणि तळपाय दुखतो. टाचेमागचा ताठ आधार दोन थरांचा हवा. टाचेचे थर चुकांबरोबर (बारीक खिळ्यांबरोबर) डिंकानेही चिकटवलेले हवेत, नुसत्या चुका पावसाळ्यात ढिल्या होतात. टाचेची पुढची कड उभी हवी, उतरती नको, कारण पाऊल पुढे सरकताना तीच कड पायरीला अडते. तळाची शिलाई वरच्या चामड्याच्या बाहेर तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त पसरू देऊ नका. पुढचा भाग एका अखंड तुकड्याचा ठेवा, चवड्यावर आडवी शिवण आली की तिथेच घासतं. माप संध्याकाळी द्या, पाय दिवसभरात थोडा फुगतो. आणि रिकीब सोबत घेऊन जा.

साल-हिरड्यावर कमावलेलं चामडं भिजलं की ताठ होतं, भराभर वाळवलं की तडकतं. बूट ओला झाला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. वाळल्यावर एरंडेलाचा पातळ हात द्या. जास्त तेल पाजलं की घोट्याजवळचं चामडं लुळं पडतं आणि आधार जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

रिकीब

इथल्या बाजारात आणि जनावरांच्या जत्रेत मिळणाऱ्या रिकिबी तीन प्रकारच्या. नक्षीच्या पितळी, लोहाराकडच्या लोखंडी आणि कानपूरकडून येणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. पितळी रिकीब वरातीच्या खोगिरावर शोभते, पण ती बहुधा अरुंद असते. त्यात नुसत्या पायाचा चवडा बसतो, बूट बसत नाही. ओतीव लोखंडी रिकिबीला बारीक भेग असेल तर ती जोराच्या धक्क्याला तुटते. घेताना दोरीने टांगून हातोडीने हलकेच ठोका, आवाज बद्द आला तर ठेवून द्या. स्टेनलेस स्टीलची, भरीव आणि जड रिकीब सगळ्यात चांगली. जड यासाठी, की पाय निघाला की ती लगेच सरळ खाली लोंबते. हलकी अॅल्युमिनियमची पायाबरोबर हेलकावते आणि पुन्हा पायात येऊन अडकू शकते.

आता माप. बूट घालून पूर्ण वजन देऊन कागदावर उभे राहा. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाला दोन्ही बाजूंनी दोन पुस्तकं टेकवा आणि त्यांच्यामधलं अंतर मोजा. त्यात अडीच सेंटिमीटर मिळवा. रिकिबीच्या दोन दांड्यांमधलं आतलं अंतर, पायरीपाशी, तेवढं हवं. बूट साडेनऊ सेंटिमीटर रुंद असेल तर रिकीब 12 सेंटिमीटरची, म्हणजे बाजारात पावणेपाच इंची म्हणून मिळते ती. फट दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पडताना पाय तिरका झाला की अडकतो. साडेतीनच्या वर गेली तर आरपार जाण्याचा धोका वाढत जातो, आणि टाच नसलेल्या बुटाला तर अडवणारं काहीच राहत नाही.

मुलांच्या बाबतीत हे गणित हमखास चुकतं. मुलाच्या बुटाची रुंदी साडेसात सेंटिमीटर आणि खोगिराला मोठ्या माणसाची 12 सेंटिमीटरची रिकीब. पाऊल थेट घोट्यापर्यंत आत जातं. मुलांसाठी वेगळी 10 सेंटिमीटरची जोडी ठेवा, नाहीतर पुढून चामड्याची टोपी बसवलेली रिकीब घ्या. ही टोपी चर्मकाराकडून साध्या रिकिबीलाही शिवून घेता येते. पुढून बंद असल्याने पाऊल चवड्यापुढे जाऊच शकत नाही. टोपी मात्र ताठ चामड्याची हवी, मऊ टोपी दाबली जाते आणि पाय आत धरून ठेवते.

सुटणाऱ्या रिकिबींमध्ये दोन प्रकार विचार करण्यासारखे. पीकॉक रिकिबीत बाहेरच्या बाजूला धातूच्या दांड्याऐवजी जाड रबरी कडं असतं, पायाचा जोर आला की ते निसटतं. मुलांना आणि हलक्या अंगाच्या स्वारांना छान. जड माणसाच्या वजनाने तिची पायरी उघड्या बाजूला वाकते, म्हणून त्यांना नको. रबर नेहमी बाहेरच्या बाजूला हवं. डावी-उजवी अदलाबदल झाली की सगळा उपयोग संपतो. उन्हाने रबर तडकतं, बोटाने ताणून भेगा दिसल्या की बदला, आणि बदली जोडी आधीच घेऊन ठेवा. त्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा सुतळी बांधलेली दिसते. सुतळी तुटत नाही, म्हणजे ही रिकीब पुन्हा साधीच झाली. दुसरा प्रकार बाहेरचा दांडा पुढे वाकवलेल्या रिकिबीचा. बदलायचं काही नाही, जड माणसालाही चालते, मोठ्या स्वारांसाठी आम्ही हीच सुचवू.

खोगिराकडेही पाहा. चांगल्या खोगिराला रिकिबीचा पट्टा ज्या लोखंडी दांडीवर अडकतो, तिच्या टोकाला एक खटका असतो. तो उघडा, म्हणजे आडवा ठेवला, तर ओढ बसल्यावर पट्टा मागे सरकून आख्खा निघून येतो. बरेच जण पट्टा हरवू नये म्हणून खटका वर करून बंद ठेवतात. बंद खटका म्हणजे फरफटण्याला आमंत्रण. वरातीच्या बऱ्याच खोगिरांना ही सोयच नसते, रिकीब नायलॉनच्या पट्ट्याने थेट सांगाड्याला बांधलेली असते. तिथे सुटणारी किंवा टोपीची रिकीब लावणं हाच उपाय आहे.

लांबी ठरवायची सोपी रीत: बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या दांडीला लावा आणि रिकीब हाताच्या खालून ताणून धरा, ती काखेत यायला हवी. बसल्यावर पाय मोकळा सोडला की पायरी घोट्याच्या हाडाला लागायला हवी. चढताना नेहमी डावीकडून वजन येत असल्याने डावा पट्टा ताणून लांब होतो. महिन्यातून एकदा दोन्ही पट्टे आपसात बदला. दोन सेंटिमीटरचा फरकसुद्धा एका घोट्याला रोज वाकडा ठेवतो. पायरीवर चवडा ठेवा, बोटं नको आणि तळपायाची कमानही नको. टाच चवड्यापेक्षा किंचित खाली, पण जोर लावून दाबलेली नको. घोटा ताठ झाला की धक्का गिळत नाही, तो गुडघ्यात आणि कमरेत जातो.

घोट्याचे पट्टे

औषधांच्या दुकानात तीन प्रकार मिळतात, टायनॉरसारख्या भारतीय कंपन्यांचे सगळ्या मापांत असतात. ताणाचा मोज्यासारखा पट्टा ऊब देतो, सूज थोडी आवरतो, पण घोटा वळण्यापासून अडवत नाही. आठच्या आकारात गुंडाळायच्या पट्टीचा आधार त्याहून बरा. तिसरा, नाडीने आवळायचा आणि दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला, हा स्वारासाठी सगळ्यात उपयोगी, कारण तो पाऊल आत-बाहेर वळू देत नाही पण टाच खाली-वर होऊ देतो. घोडेस्वारीत नेमकं हेच लागतं. बिजागरीचा जाड पट्टा बुटात मावत नाही, तो घ्यायला नको.

पट्टा घातला की बूट रुंद होतो. जास्त करून घोट्यापाशी, पण सैल बूट घ्यावा लागला तर चवड्यालाही. म्हणजे रिकिबीचं माप पुन्हा घ्यायला हवं. पाय दुखतो म्हणून पट्टा बांधायचा, त्यासाठी मोठा बूट घालायचा आणि जुन्याच रिकिबीत कोंबायचा, हे दुखऱ्या घोट्याला जास्त धोक्यात घालणं आहे.

क्रेप पट्टी पहिल्या काही दिवसांच्या सुजेसाठी. मोठ्या माणसाच्या घोट्याला 10 सेंटिमीटर रुंदीची घ्या. बोटांच्या मुळापासून सुरुवात करा, आठच्या आकारात घोट्याभोवती फिरवत वर पोटरीच्या खालपर्यंत या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला निम्मा झाकेल असा. बोटं उघडी ठेवा. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, नाही झालं तर सैल करा. रात्री झोपताना काढा. क्रेप बांधून घोड्यावर बसू नका, बुटात ती थोड्याच वेळात ढिली होऊन गोळा होते.

दुखापत झाल्यावर

पहिला प्रश्न एक्सरे लागेल का, हा. त्यासाठी डॉक्टर जगभर वापरतात ते ओटावाचे नियम घरीही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. घोट्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर हाडालाच कळ येते का? करंगळीच्या बाजूला तळपायाच्या मध्यावर जे हाड वर आलेलं लागतं तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर, कळ येते का? लगेच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावलं टाकता येत नाहीत का? यातलं एकही होय असेल तर एक्सरे काढा. एकही नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

मुलांमध्ये वेगळं लक्षात ठेवा. त्यांचे अस्थिबंध हाडाच्या वाढीच्या टोकापेक्षा मजबूत असतात, म्हणून जे मुरगळणं वाटतं ते वाढीच्या जागेवरचं मोडणं असू शकतं आणि एक्सरेत कधी कधी दिसतही नाही. मूल पाय टेकवत नसेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

पाय रिकिबीत अडकून पिळला असेल आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळपायाच्या मध्यावर निळा-काळा डाग दिसला, तर लिसफ्रांकची शंका घ्या. झोपून काढलेल्या साध्या एक्सरेत हे निसटू शकतं. उभं राहून, वजन देऊन, दोन्ही पायांचा एकत्र एक्सरे काढायला सांगा. हे वेळेत कळलं नाही तर चालणं कायमचं बिघडतं, म्हणून इथे भीड धरू नका.

घोटा वाकडा दिसत असेल तर बूट ओढून काढू नका. नाड्या सोडा, लागलं तर कात्रीने कापा, पाय जसा आहे तसा उशी-पुठ्ठ्याच्या आधाराने बांधा आणि 108 ला फोन करा. बोटं पांढरी-निळी किंवा बधिर असतील तर क्षणाचाही उशीर नको. बेळगाव शहरात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे. निपाणीकडचे लोक कोल्हापूर गाठतात, अथणी-कागवाडकडचे मिरज. जवळ असेल तिकडे जा, फक्त निघण्याआधी तिथे त्या वेळेला एक्सरे आणि हाडांचे डॉक्टर आहेत का, हे फोनवर विचारून घ्या.

जखम झाली असेल, कातडी फाटली असेल तर धनुर्वाताची लस हा पहिला विचार. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. स्वच्छ पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. मळलेली जखम असेल आणि शेवटची लस पाच वर्षांपूर्वीची किंवा त्याआधीची असेल तर पुन्हा घ्या. तबेल्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने दर दहा वर्षांनी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, घेतलेली असावी.

साधं मुरगळलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस: बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, दोन-तीन तासांनी पुन्हा. पाय उशीवर हृदयापेक्षा उंच. क्रेप पट्टी. या काळात गरम शेक आणि तेल लावून चोळणं नको, आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. आंबेहळदीचा लेप न फाटलेल्या कातडीवर लावायला हरकत नाही, पण लेपाखाली हाड मोडलेलं नाही याची खात्री आधी करा.

हाडवैद्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गावात त्यांच्यावर विश्वास आहे आणि तो एका दिवसात तयार झालेला नाही. पण एक्सरेआधी ओढून बसवणं आणि बांबूच्या कामट्यांनी घट्ट आवळणं, या दोन गोष्टी घातक आहेत. आवळलेल्या पट्टीखाली सूज वाढली की रक्तपुरवठा थांबतो. पट्टी बांधल्यावर वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, बोटं हलवताना असह्य कळ आली किंवा बोटं बधिर झाली, तर मध्यरात्र असली तरी पट्टी सोडा आणि दवाखान्यात जा. काही तासांचा उशीर पाय गमावायला पुरतो.

मुरगळलेल्या पायाला महिनाभर अंथरुणात ठेवणं ही जुनी चूक. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दुखणं सोसेल तितकं, घोटा खाली-वर 20 वेळा, दिवसातून तीन-चारदा. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी लिहायची. पट्टा बांधून चालायला सुरुवात. दुसऱ्या आठवड्यापासून भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचलणं, 15 चे दोन फेरे, मग एकेका पायावर. एका पायावर 30 सेकंद तोल, तीनदा, जमलं की डोळे मिटून. तोलाचा व्यायाम टाळणाऱ्याचा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो, कारण अस्थिबंधांबरोबर तोल सांभाळणारी जाणीवही दुखावलेली असते.

हलकी मुरगळ एक ते तीन आठवड्यांत, मध्यम तीन ते सहा आठवड्यांत सुटते, पूर्ण फाटलेल्या अस्थिबंधाला काही महिने लागतात. परत बसण्याआधी दोन कसोट्या: दुखऱ्या एका पायावर टाच सलग दहा वेळा उचलता यावी, आणि त्याच पायावर न दुखता लंगडी घालता यावी. जमलं की शांत घोड्यावर, पट्टा बांधून, 15 मिनिटं नुसती चाल. दुसऱ्या दिवशी सूज आली नाही तरच दुडकी. चढायला-उतरायला ओटा किंवा मजबूत पेटी वापरा, उंचावरून दुखऱ्या पायावर उडी नको. नाडीचा पट्टा पुढचे काही महिने स्वारीच्या वेळी चालू ठेवा. त्याच्या बाजूच्या पट्ट्या वाकल्या किंवा नाडीची भोकं ओढली गेली की तो बदला, आणि नवा पट्टा घालून बुटाची रुंदी पुन्हा मोजा.